मेहुणीच्या लग्नात झालेली माझी प्रगती

माझ्या मेहुणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, तेव्हा मी मांडवाच्या छतावर पालथा पडलेलो होतो. घरचा थोरला जावई, त्यातून मांडवाचा मालक, आणि अंगावर बनियन व दुसऱ्याची हाफपँट. हे सगळं मी शुद्धीत, स्वखुशीने आणि धंद्याच्या भल्यासाठी केलं होतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना इतर कोणावर संशय नको.

आमचा धंदा मांडवाचा. पंचवटीत अण्णांनी, म्हणजे वडिलांनी सुरू केला आणि गुडघे बोलायला लागल्यावर माझ्या गळ्यात घातला. माणसं तीन, पण पक्की. रामदास हरसूलकडचा, बांबूवर असा चढायचा की खाली उभ्या माणसाला चक्कर यावी. खैरनार सटाण्याकडचा, टेम्पो चालवायचा आणि चालवताना रस्त्याशी भांडायचा. फुलांचं काम मंदामावशींकडे. प्रत्येकाला आपापलं काम येत होतं आणि धंदा सुरळीत चालला होता. नेमकं हेच माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं.

त्याला कारण शिबिर. दोन हजार दहा सालाच्या आगेमागे नाशकात शिबिरांचं पेव फुटलं होतं. अंबडला कारखाना असलेल्या एका मित्राने मला लहान उद्योजकांच्या शिबिरात नेऊन बसवलं. टाय लावलेल्या सरांनी सांगितलं की धंदा वाढत नाही कारण मालकाचं मन वाढत नाही. याला म्हणायचं ग्रोथ माइंडसेट. माणसाने 'मला येत नाही' असं कधी म्हणू नये, 'मला अजून येत नाही' असं म्हणावं. माझ्या अंगावर काटाच आला. (वातानुकूलित हॉलमध्ये मी पहिल्यांदाच बसलो होतो, हेही खरं.)

दुसऱ्या दिवशी गोडाऊनमध्ये सतरंज्यांच्या गुंडाळ्यांवर सगळ्यांना बसवून मी तेच भाषण केलं. टाय नव्हता, म्हणून खिशाला दोन पेनं लावली होती.

"रामदास, तुला काय येत नाही?"

"हिशेब येत नाय, मालक."

"असं नाही म्हणायचं. अजून येत नाही, असं म्हण."

"अजून येत नाय." रामदासने जरा विचार केला. "आन् आला नाय तरी चालंल. त्याला तुमी हायेत ना."

मी हार मानणारा नव्हतो. प्रत्येकाने दुसऱ्याचं काम शिकायचं, असा फतवा काढला. खैरनारने झेंडूची तोरणं बांधली ती टेम्पोतल्या मालाला दोर आवळतात तशी. सोडवायला कोयता लागला. मंदामावशी फोनवर ऑर्डरी घ्यायला बसल्या आणि एका गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "एवढा मोठा मांडव कशाला? तुमच्याकडं येतंय कोण?" ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. मी मात्र प्रत्येक घोटाळ्याला टाळ्या वाजवायला लावत होतो. चूक म्हणजे शिक्षण, असं सर म्हणाले होते.

अण्णा खुर्चीत बसून हे बघत होते. "शिकवायचं तर शिकव बाबा, पण लोकांच्या लग्नात नको. माणूस एकदाच लग्न करतो."

"अण्णा, तुमची मनोवृत्ती साचलेली आहे."

"असू दे. मांडव उभा राहतो ना?"

अशात मेहुणीचं लग्न ठरलं. माझे सासरे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. सगळा जन्म भोंग्यावर गेलेला, त्यामुळे वेळ आणि व्यवस्था या दोनच गोष्टी त्यांना कळत. जावई मांडववाला आहे हे त्यांनी आमच्या लग्नात गिळलं होतं, पचवलं नव्हतं. धाकटीच्या मांडवासाठी ते जेलरोडच्या दुसऱ्याच माणसाशी बोलून आले होते. पण माझ्या बायकोने, वैशालीने, माहेरी जाऊन दोन दिवस जेवण सोडलं आणि काम आमच्याकडे आलं.

सासरे मला म्हणाले, "जावईबापू, करा तुम्हीच. मात्र काही कमीजास्त झालं तर मी तुम्हाला बोलणार नाही. जावयाला बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी वैशालीला बोलेन."

त्या संध्याकाळी वैशालीने मला पाटावर बसवून सांगितलं, "हे बघा, या लग्नात कोणी काहीही शिकायचं नाही. ज्याला जे येतं, त्याने तेच करायचं. माझं माहेर आहे ते. काही झालं तर मला तिथे मान वर करून जाता यायचं नाही."

मी शब्द दिला, आणि तो पाळायचाही होता. पण लग्नाच्या सकाळी मांडव उभा राहिल्यावर खैरनारने बिडी विझवत विचारलं, "मालक, आमी समदे शिकलो. तुमी काय शिकले?"

पुढाऱ्याने आधी स्वतः शिकावं, असं सरांनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मी म्हणालो, "आज रामदासचं काम मी करणार. आणि माझं काम रामदास."

"हाई काम बरं नही शे," खैरनार पुटपुटला. रागात किंवा काळजीत असला की त्याची अहिराणी बाहेर यायची.

रामदासचं काम म्हणजे पाकळ्यांचं. त्या काळात नवरा-नवरीवर वरून फुलांच्या पाकळ्या पाडायची नवी टूम निघाली होती. छताच्या कापडावर बांबूंना फळी बांधायची, तिच्यावर माणसाने पालथं पडायचं, कापडाला पाडलेल्या भोकातून खाली बघायचं आणि शेवटच्या 'सावधान'ला सरकगाठीची दोरी ओढायची. मग खाली टांगलेली जाळी उघडते आणि वधूवरांवर पाकळ्या. सोपं काम. शिवाय मी सगळ्यांना एका साखळीत बांधून दिलं होतं: पाकळ्या पडल्या की बँड, बँड वाजला की फटाके, फटाके वाजले की पंगत. त्याला मी टीमवर्क म्हणत होतो.

माझं काम म्हणजे इस्त्रीची सफारी घालून दारात उभं राहायचं आणि हात जोडायचे. सफारी रामदासच्या अंगावर गेली आणि त्याची हाफपँट माझ्या. आरशात बघून रामदास इतका घाबरला की त्याची वाचाच गेली. दारात तो नुसता हात जोडून, मान किंचित खाली घालून, एक शब्द न बोलता उभा राहिला. लोकांना तो भारदस्तपणा वाटला. वरपक्षाची माणसं आत येऊन एकमेकांना सांगत होती की माणूस मोठा दिसतो, बोलणं कमी आहे. नवरदेवाच्या आत्याने तर थांबून विचारलं, "मांडव तुमचाच ना?" रामदासने मान हलवली. त्या दिवसापुरता तो होताच त्याचा.

इकडे मी वर. मार्गशीर्षातलं ऊन, खाली तापलेलं कापड, फळीचा एक खिळा बरोबर बरगडीत. भोकातून मला गुरुजींचं टक्कल, अंतरपाट, मामाने धरलेली मेहुणी आणि पहिल्या रांगेत अण्णा एवढं दिसत होतं. वैशाली करवलीच्या धांदलीत मला शोधत होती. तिला अजून पत्ता नव्हता.

पहिलं मंगलाष्टक झालं. सावधान! माझा हात दोरीवर गेला, पण मी आवरला. दुसरं झालं, तिसरं झालं. पाचव्यानंतर ओढायची, असं गुरुजींशी ठरलं होतं. पाचवं संपत आलं, मी दोरीला पीळ दिला, आणि नवरदेवाच्या आत्याबाई कमरेच्या बटव्यातून घडी केलेला कागद काढून माइकशी आल्या.

घरचं मंगलाष्टक. त्यात दोन्हीकडचे सगळे नातेवाईक नावानिशी बसवलेले. जिथे नाव मावत नव्हतं, तिथे आत्याबाई सूर लांबवून जागा करत होत्या. ते संपतंय तोच आमच्याकडच्या मामी उठल्या. त्यांच्याकडेही कागद होता. मुलीची बाजू मागे पडून कसं चालेल? मामींनी त्यांच्याहून जास्त नावं घेतली. मग आत्याबाई पुन्हा उठल्या. गुरुजी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून हातवारे करत होते, पण अक्षतांच्या माऱ्यात ते कोणाला दिसेनात. सासऱ्यांचा चेहरा भोंगा चुकल्यासारखा झाला होता.

या वेळी आत्याबाईंकडे कागद नव्हता. त्या जागच्या जागी रचत होत्या. मांडवाची शोभा वर्णन केली, आणि तो उभारणारे थोरले जावई कसे शांत, कसे विनयी, हे सुरात सांगत त्यांनी हात लांब केला. रामदासकडे.

मांडव थोरल्या जावयाचा, हे वरपक्षात सगळ्यांना माहीत होतं. मांडव आपला, हे रामदासने दारात कबूल केलं होतं. आत्याबाईंचा हिशेब चुकलेला नव्हता. सगळ्या मांडवाने वळून रामदासकडे बघितलं आणि त्याने लाजून हात जोडले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, जावई मी आहे," असं ओरडत मी वर उठलो. हातात दोरी होती, हे लक्षात यायला उशीर झाला.

जाळी उघडली. सगळा झेंडू आणि गुलाब एकदम खाली गेला. आत्याबाईंचं तोंड सुराला उघडं होतं, त्यात बराचसा. पाकळ्या बघून बँडवाल्यांनी बँड सुरू केला. बँड ऐकून फटाके. अंतरपाट धरणाऱ्यांना वाटलं झालं, त्यांनी तो सोडला. मेहुणीने समोर नवरा दिसताच हार घातला. फटाके ऐकून खैरनारने पंगतीचा दरवाजा उघडला आणि निम्मा मांडव वाढप्यांच्या अंगावर धावला. माझं टीमवर्क इतकं बिनचूक त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

मी घाबरून मागे सरकलो, गुडघा फळीवरून निसटला आणि माझा उजवा पाय मांडीपर्यंत कापडातून खाली आला. शेजारच्या पाहुण्याने अण्णांना विचारलं, "हा कोण?"

अण्णांनी पायाकडे नीट बघितलं. "आमच्यातला नाही," ते म्हणाले.

वैशालीने मात्र तो पाय ओळखला. बायको नवऱ्याचा पाय कशी ओळखते देव जाणे, पण तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मला वरून दिसला. मला तेव्हा माझ्या पायाचं काही वाटलं नाही. तिचं काय होणार, एवढंच वाटलं.

बँड थांबला. सासरे गुरुजींकडे गेले. मी भोकाला कान लावला.

"गुरुजी, लग्न लागलं की नाही?"

गुरुजींनी डोक्यावरच्या पाकळ्या झटकल्या. "लागलं म्हणजे काय, बरोबर मुहूर्तावर लागलं. मी केव्हाचा हात करतोय. आणखी एक बाई उठली असती तर घटका टळली होती. दोरी ओढणाऱ्याला शास्त्र कळतं हो!"

मी फळीवर कपाळ टेकलं. इतका हलका मी दहावीच्या निकालालाही झालो नव्हतो. पण खाली उतरता येईना, कारण शिडी खैरनारने पंगतीच्या दिव्यांसाठी नेली होती. सासऱ्यांनी वैशालीला बाजूला बोलावलेलं दिसलं. ते बोलत होते, ती पदराने डोळे पुसत होती. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला.

थोड्या वेळाने ती फळीखाली येऊन उभी राहिली. "अहो, ऐकताय ना?"

"बोल. काय म्हणाले?"

"वर तुम्ही आहात, हे मी सांगून टाकलं. म्हणाले, आपल्या घराण्यात मुहूर्तावर लागलेलं हे पहिलंच लग्न. माणूस वाटला होता त्याहून बरा निघाला." तिला रडताना हसू फुटत होतं. "पाय आत घ्या आधी. लोक नमस्कार करायला लागलेत."

आत्याबाईंच्या गोतावळ्यातली पुढची सगळी लग्नं आमच्याकडे आली आणि धंदा खरोखर वाढला. फक्त प्रत्येकाची एकच अट असायची, की ते सफारीतले शांत गृहस्थ दारात पाहिजेत. त्यामुळे रामदासला मी आणखी दोन सफाऱ्या शिवून दिल्या. आता तो थोडंफार बोलतोही. मध्ये एका लग्नात मी घामाघूम होऊन सतरंज्या उचलत होतो, तेव्हा कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून त्याला विचारलं, हा कोण.

"ते व्हय?" रामदास हात जोडत म्हणाला. "हुशार हाय गडी. शिकतोय."