न चाखलेल्या जांबांची चव

मी एकदा सात जांब न खाता त्यांची चव सांगितली होती. नुसती सांगितली नाही, चांगली रंगवून सांगितली. पुण्याकडे ज्याला पेरू म्हणतात त्याला आम्ही वऱ्हाडातले लोक जांब म्हणतो, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर माझी पुण्यात वाढलेली नात मध्येच अडवते. हीच नात मोबाइलवर न जेवलेल्या हॉटेलला पाच तारे देते. "मैत्रिणीच्या काकाचं आहे गं आजी, द्यावे लागतात." तिला रागवायला मी तोंड उघडते आणि तसंच मिटते. त्या तोंडाचा इतिहास मला माहीत आहे.

तेव्हा मी पंचविशीची होते. अमरावतीची लेक, लग्न होऊन अकोल्याला आलेली, आणि बी.ए. ह्या बी.ए.चा मला कोण ताठा! कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत 'समता' ह्या विषयावर बोलून मी पहिला नंबर काढला होता. बोलताना आवाज असा कापवला होता की पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी पदर डोळ्यांना लावले. बक्षीस म्हणून झाकणाचा स्टीलचा डबा मिळाला. लग्नात तो रुखवतात मधोमध ठेवला होता. पुढे त्यात मी कुरड्या ठेवायला लागले.

सासर शेतीवाल्यांचं, बाळापूरकडचं. पण ह्यांची नोकरी अकोल्यात, म्हणून मोर्णा नदीच्या अलीकडे नव्या वस्तीत दोन खोल्या बांधल्या होत्या. मी, हे आणि सासूबाई. शेजारी एक मास्तरीणबाई राहायच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. वर्गात त्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत, आणि कंपाउंडच्या भिंतीवरून माझ्याशी अस्सल वऱ्हाडी. "काय वं वैनी, काय करून राहिली?" अशी हाक आली की माझी सकाळ सुरू व्हायची. त्यांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा 'आपल्याला काही फरक पडत नाही' असं मी मनात म्हटलं होतं. मनात म्हणायला काय जातं?

त्यांच्या अंगणात जांबाचं झाड होतं. एका थंडीत सकाळी त्यांनी भिंतीवरून बांबूची टोपली पुढे केली.

"घे वैनी. झाडाचा पयला तोडा हाये. आजच खाजो, उद्या नरम पडतीन."

सात जांब. पिवळट हिरवे, देठाशी अजून पान असलेले. मी हसून घेतले, "अगं बाई, कशाला एवढे" वगैरे जे म्हणायचं ते म्हटलं, आणि आत आले. पाच मिनिटांत सगळ्या स्वयंपाकघरात वास भरला. जांबाचा वास लपत नाही, हे पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. मला जांब वेड्यासारखे आवडतात. अमरावतीला असताना मी तिखट-मिठाची पुडी दप्तरात बाळगायची. तेव्हाही बशीत तिखट-मीठ घेतलं, चाकू घेतला, तोंडाला पाणी सुटलं. आणि चाकू तिथेच थांबला.

सासूबाई काय म्हणतील?

सासूबाई घरात नव्हत्या. नणंदेच्या बाळंतपणाला पातूरला गेल्या होत्या, महिनाभर येणार नव्हत्या. हे ऑफिसात. घरात मी, सात जांब आणि एक मांजर. पण मी मनातल्या मनात सासूबाईंना पातूरहून एसटीत बसवून आणलं, चुलीपुढे उभं केलं आणि त्यांच्याकडून स्वतःला चार शब्द ऐकवून घेतले. 'त्यांच्या घरचं खाल्लं?' त्या बिचाऱ्या पातूरला नातवाला टाळू भरत बसल्या असतील, त्यांना कल्पनाही नाही की अकोल्यात आपण काय काय बोलून राहिलो. आज नीट सांगायचं तर सासूबाईंचं नाव मी पुढे केलं, हात माझाच कचरला होता. समतेवर पंधरा मिनिटं बोलणारी बाई एका जांबापुढे गार.

बाहेर टाकले तर दिसतील. मग मी खुरपं घेतलं आणि मागच्या दारी, मोरीचं पाणी जातं तिथे खड्डा करून सातही जांब पुरले. वरून माती दाबली. मांजर येऊन हुंगून गेलं, त्यालाही मी हाकललं.

दुसऱ्या दिवशी टोपली परत द्यायची होती. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माणसाची किंमत कळत नसली तरी रीत मला बरोबर कळायची. मी बक्षिसाच्या डब्यातल्या कुरड्या टोपलीत भरल्या आणि भिंतीशी गेले.

"कसे होते जांब?" त्यांनी विचारलं.

इथे 'छान होते' म्हणून गप्प बसले असते तर आज ही गोष्ट नसती. पण बी.ए.ला थोडक्यात बोलता येत नाही. "काय सांगू मास्तरीणबाई! काय तो पांढराशुभ्र गर! खोबरंच जणू. आणि गोड तर असा, की तिखट-मीठ लावायलाही मन होईना."

त्यांनी हात पुढे केला. टोपली हातात घेतली.

"असं?" म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दोन दिवसांनी भिंतीवरून आवाज आला. "वहिनी, तुमच्या कुरड्या तळल्या आम्ही. छान फुलल्या. पण खारट झाल्या आहेत. मीठ दोनदा पडलं असावं."

मला राग आला. देणाऱ्याला कुणी असं तोंडावर सांगतं? मी नाही का तुमचे जांब गोड म्हटले? तरी एका गोष्टीने मी सुखावले. बाई माझ्याशी शुद्ध बोलल्या होत्या! 'वैनी'ची 'वहिनी' झाले, 'तू'ची 'तुम्ही' झाले. मला वाटलं, आपल्या शिक्षणाचा मान राखतात. रात्री ह्यांना कौतुकाने सांगितलंसुद्धा. इतकी गाढव बाई तुम्हाला साऱ्या अकोल्यात सापडली नसती.

त्यानंतर चार वर्षं त्या माझ्याशी तशाच बोलल्या. कधी वाकडा शब्द नाही. पुढच्या वर्षी मला मुलगी झाली, ती शाळेच्या बालवाडीत जायला लागली तीही त्यांचंच बोट धरून. पण दर थंडीत गल्लीत घरोघर त्यांच्या टोपल्या जायच्या आणि आमचं दार सोडून पुढे जायच्या. मी खिडकीतून मोजायची आणि धुसफुसायची. एवढ्या कुरड्या दिल्या, त्याचं हे फळ!

इकडे मोरीपाशी एक रोप उगवलं. गुन्हेगाराने पुरावा पुरावा आणि त्याला पालवी फुटावी, तसं. सासूबाईंनी विचारलं, "हे जांबाचं झाड इथं कोणं लावलं वं?" मी म्हटलं, "पाखरानं टाकलं असेल बी." सासूबाईंनी आंघोळीचं पाणी घालून घालून त्या पाखराची करणी वाढवली. चौथ्या थंडीत झाडाला आठ-दहा जांब धरले. एक पिवळा झालेला मी तोडला, तिथेच लुगड्याला पुसला आणि दातांनी फोडला.

आत लाल होता.

कलिंगडासारखा नव्हे, गुलाबाच्या जुन्या पाकळीसारखा लाल. बाजारातले जांब आतून पांढरे असायचे, मी तेच ठोकून दिलं होतं. मी घास चावला. गोड होता, थोडा तुरट, बिया दाताखाली कुरकुर वाजत होत्या, आणि मला भिंतीपलीकडचं ते 'असं?' ऐकू येत होतं. म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. चार वर्षं त्यांना माहीत होतं, आणि त्या माझ्या पोरीचं बोट धरून शाळेत नेत होत्या.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. "हे तं मास्तरीणबाईच्याच झाडाचं वाण हाये," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"मले नाही तं कोणाले? दरसाल खातो मी तिच्या ओट्यावर बसून. दात नाहीत म्हून बिचारी गर काढून वाटीत देते, वरून साखर."

"मग घरी का नाही सांगितलं?"

"तुह्याचसाठी. तीच म्हणे, तुमच्या सुनेले जांब चालत नाही, तिच्यासमोर नाव नका काढू."

चालत नाही. सासूबाईंनी त्याचा अर्थ सर्दी-खोकला असा लावला होता. मी ज्यांच्या भीतीने खड्डा खणला त्या माझ्या सासूबाई चार वर्षं तिथेच बसून वाटी चाटत होत्या, आणि जिचं दान मी मातीत घातलं ती माझी अब्रू झाकत होती. लाज ही काय चीज आहे ते मला त्या मोरीपाशी कळलं. भाषणात वापरलेला एकही शब्द तेव्हा कामाला आला नाही.

दोन दिवस मी भिंतीकडे फिरकले नाही. गप्प राहणं सोपं होतं. त्यांनी कधी विषय काढला नव्हता, पुढेही काढला नसता. पण मुलगी सकाळी त्यांचं बोट धरून निघाली की मला तिच्याकडे बघवेना. तिसऱ्या दिवशी, रविवारी, उरलेले जांब टोपलीत घातले आणि भिंतीशी न थांबता त्यांच्या दारातून आत गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. बुद्धाच्या तसबिरीखाली त्या वह्या तपासत होत्या.

मी टोपली खाली ठेवली. घरून तीन वाक्यं पाठ करून आले होते, त्यातलं एकही आठवेना. "बाई, हे तुमच्या त्या सात जांबांचे आहेत," एवढंच म्हणाले. "मी ते खाल्ले नव्हते. मागच्या दारी पुरले होते. आणि खोटं सांगितलं."

त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. एक जांब उचलून हातात फिरवला, नाकाशी नेला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, आतून चाकू आणला, आणि बशीत तिखट-मीठ. जांब मधोमध कापला, अर्धा माझ्यासमोर ठेवला, आणि चार वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी पूर्वीसारख्या बोलल्या.

"म्या तुह्या कुरड्या खाल्ल्या होत्या वं वैनी, म्हून खारट सांगतल्या. तू जांब खाल्लाच नव्हता, म्हून गोड सांगतला. आता माह्यासमोर खाय, अन् मंग सांग कसा हाये."