शिमग्याला मागितलेलं पोस्त

माझी आई तोंडाळ आहे, आणि त्याबद्दल मी कधी कुणाची माफी मागितलेली नाही. तिचं ते तोंड नसतं तर माझी बहीण वीटभट्टीवरच बाळंत झाली असती.

आमची वाडी रोह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. दिवाळीनंतर निम्मी वाडी पेणकडच्या वीटभट्ट्यांवर जाते. त्या वर्षी बहीण आणि दाजीही गेले. बहीण पहिलटकरीण, सातवा लागला की माहेरी यायची होती. भट्टीच्या शेटनं सोडलं नाही. मुकादमानं सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले आणि पावसाळ्यापर्यंत कुणी हलायचं नाही, असं बजावलं. दाजी एकदा निघाले, तर त्यांना मारून परत आणलं. आजीच्या वेळी डोंगरातल्या कोळशाच्या भट्ट्यांवर हेच चालायचं, आणि तेव्हाही तक्रार कुणी लिहून घेत नसे. आम्ही पोलीस चौकीत गेलो, तर साहेब म्हणाले, "सण होऊ दे, मग बघू." संतापानं माझं डोकं असं फिरलं की धाटावच्या कंपनीतली शिफ्टसुद्धा बुडवली.

शिमग्यात आमच्या बायका रस्त्यावर दोरी आडवी धरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे पोस्त मागतात. दोरी दिसली की थांबायचं, सणाचे चार पैसे द्यायचे, रागवायचं नाही. जो देणार नाही त्याच्या नावानं बोंब. हा रिवाज शेटलाही ठाऊक. धुळवडीला तो त्याच रस्त्यानं जीपमधून गावच्या पालखीला निघाला होता, म्हातारी आई शेजारी. थांबला आणि हसत हसत नोट बाहेर काढली.

आईनं नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही. "पैसं नको शेट. पोस्त म्हनून माझी पोर दे. नववा लागलाय तिला."

त्याचं हसू गेलं. "काय गो, सणाला तमाशा करतेस?"

"व्हय! आनि जावय पन दे."

मागून एक बाई ओरडली, "माझा लेक दे!" दुसरी म्हणाली, "माझा भाव!" शेटनं हॉर्न दाबला. आम्ही पालथा हात तोंडावर नेला आणि जी बोंब ठोकली! मागे एसटी येऊन थांबली. आतल्या लोकांना आमचं गाऱ्हाणं काय माहीत, पण शिमग्याची बोंब ऐकून गप्प बसेल तो कोकणी कसला! अख्खी एसटी बोंबलू लागली. एसटीला आम्ही दोरी खाली करून वाट दिली आणि जीपपुढे पुन्हा वर धरली.

शेवटी शेटची म्हातारीच लेकावर कडाडली, "पोटुशी बाय कोंडलीस, आनि मला देवाला नेतोस? लाव फोन!"

त्यानं मुकादमाला लावला. संध्याकाळी पाठवतो म्हणाला. आई रस्त्यातच मांडी घालून बसली. "बसतो आमी. पोर आली का जा."

उन्हं कलताना टेम्पो आला, भट्टीवरची आमची सगळी माणसं घेऊन. बहीण उतरली ती रडत-हसतच. आम्ही इतका गुलाल उधळला की शेटची पांढरी जीप ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी चौकीवर गेली. दाजींनी सदरा काढून पाठीवरचे वळ दाखवले. माणसं डांबून ठेवणं हा गुन्हा आहे, हे साहेबांना आता आठवलं आणि त्यांनी तक्रार मुकाट लिहून घेतली.

पुढच्याच आठवड्यात मला भाची झाली. आमच्याच घरात, आईच्या हातावर.