मान बघणारी बाई

बोलिव्हियातल्या ओरुरोच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासणारी एर्मिनिया कोल्के आधी डोळे बघतच नाही. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत कसा येतो, मान कुठे झुकवतो, हनुवटी वर धरतो की खाली, एवढं बघते आणि सुस्कारा टाकते. डोळ्याचा एखादा स्नायू लुळा पडला की त्याचं काम मान करते, हे एकोणतीस वर्षांत तिनं इतक्यांदा सांगितलंय की आता सांगतानाच तिची मान अवघडते. मी शेजारच्या टेबलावर केसपेपर लिहितो, त्यामुळे सुस्कारे माझ्या हिशेबात असतात.

कार्निव्हलला तीन आठवडे असताना कासियानो आला. बँड पथकातला ट्रॉम्बोनवाला, वय चोपन्न, गळ्यात हाडवैद्यानं दिलेला पट्टा. महिनाभर त्याला एकावर एक दोन रस्ते दिसत होते.

"मग खरा कुठला धरता?" एर्मिनियानं विचारलं.

"खालचा, मामिता. पडलो तरी कमी लागतं."

पट्टा काढताच मान डाव्या खांद्याकडे गेली. तिनं ती उजवीकडे झुकवली, तसं उजवं बुबुळ हळूच वर सरकलं. डोळा खाली ओढणारा स्नायू दुबळा, हे ठरलं. कधीपासून, हे ठरायचं होतं. दुखणं नवं असेल तर डोक्यात काही वाढतंय का हे बघायला ला पास शहरातल्या मोठ्या इस्पितळात जायचं, आणि तिथला नंबर महिन्यानंतरचा. तोवर घरी पडून राहायचं. जन्मापासूनचं असेल तर खास काचेच्या चष्म्यावर भागलं असतं.

"पडून नाही जमणार," कासियानो म्हणाला. "बायको दुखण्यातून उठली तेव्हा कुमारीमातेला नवस बोललोय, तीन कार्निव्हल फुकट वाजवीन. हे तिसरं."

"माता थांबेल."

"माता थांबेल हो. बायकोचं काय?"

"जुने फोटो आणा."

त्यानं चार आणले. ओळखपत्राचा, लष्करातला, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा, लग्नाचा. चारही फोटोंत मान ओळंब्यात. फोटोग्राफरनं हनुवटीला बोट लावून सरळ केलेली. आमच्या देशात कागदोपत्री कुणाचीच मान वाकडी नसते.

"हे नकोत," ती म्हणाली. "कुणी तुम्हाला सरळ करत नव्हतं, तेव्हाचा हवा."

दोन दिवसांनी त्याची बायको पथकाचा फोटो फ्रेमसकट काखेत मारून आली. बावीस वर्षांचा कासियानो आणि बारा टोप्या. अकरा सरळ, एक तिरकी.

"पथकाचा म्होरक्या तेव्हापासून ओरडतोय, टोपी नीट घाल," ती म्हणाली. "मीसुद्धा. दरवर्षी पिना लावून पाठवते."

एर्मिनियानं फोटोवर पट्टी धरली. टोपी डोक्यावर बरोबर बसली होती. डोकंच तिरकं होतं, डावीकडे, आजच्याइतकंच.

"जुनंच आहे. इतकी वर्षं मानेनं ओढलं, आता ती दमली."

"मला सांगायचं ना मग," बायको नवऱ्याला म्हणाली. "किती पिना वाया गेल्या."

दवाखान्याच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला, स्वतः पुन्हा तपासलं आणि चष्म्याच्या चिठ्ठीवर सही केली.

कार्निव्हलच्या शनिवारी मी एर्मिनियाकडे गेलो. रस्ता तिच्या सज्ज्याखालूनच जातो, पण ती आत, गरम पाण्यात पाय सोडून, मक्याचं गरम आपी पीत बसली होती. खालून बँड येत होते.

"त्याचं पथक आलं," मी सज्ज्यातून म्हटलं.

ती उठली नाही. "टोपी?"

"चष्मा आहे, तरी तिरकीच. म्होरक्या ओरडतोय."

"ओरडू दे," म्हणाली, आणि मान खुर्चीच्या पाठीवर टाकली.