दुसरी कप्पी

चैत्र पाडव्याला आमच्या ओसरीवर जातीच्या पाच पंचांनी मला एक्कावन्न रुपये दंड सांगितला. शेजारी बायको होती. विशीत शिरपूरजवळच्या मळ्यात विहीर खणली, तेव्हाच कुणालाही पाणी नाकारायचं नाही, असं मी ठरवलं होतं. यंदा ओढा आटला आणि गावकुसाबाहेरच्या बायका घागरी घेऊन आल्या.

"विहीर बंद कर, नाही तं तुह्या पोरीच्या लग्नाले कोनी येनार नाही," थोरले पंच म्हणाले.

"पानी आमचं, मंग तुमाले तहान कायले लागली?" बायको म्हणाली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. जातीतली चारच घरं आली. दंड मी भरला नाही. विहिरीवर गर्दी वाढली, म्हणून दुसरी कप्पी बसवली आणि सुताराला सव्वा रुपया दिला.