फळ्यावरचं शून्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, धाकट्या बहिणीला नाही, हॉटेलातल्या माणसांना तर नाहीच. बोलायला जीभ अडखळते अशातली मी नाही — उलट सगळ्यांची तक्रार हीच असते की मी तोंडावर बोलते. मग एवढं एकच का राहून गेलं? विचार करून करून मला जे सापडलं, ते काही फार खोल नाही. पण क्रमाने सांगते. मला क्रमाने सांगायची सवय आहे.

मी मूळची नगरची. नवऱ्याची बँकेतून सुरतला बदली झाली आणि आम्ही इथलेच झालो. गेली सतरा वर्षं मी रिंग रोडजवळच्या एका हॉटेलात आहे. आधी हिशेबाला होते, मग मॅनेजर झाले. कापडबाजारात खरेदीला येणारे व्यापारी उतरतात ते मध्यम हॉटेल. चादर स्वच्छ, चहा वेळेवर, बाकी बडेजाव नाही. इथे मला सगळे ‘बेन’ म्हणतात. हॉटेलचे मालक, शेठ, वर्षातून चारदा येतात आणि फारसं न विचारता जातात, यातच काय ते समजा.

कोरोनात बाजार बंद पडला तेव्हा हॉटेलही बंद पडलं. मग परदेशात अडकलेल्यांना आणायला खास विमानं सुरू झाली आणि नियम आला — येणाऱ्याने आधी सात दिवस ठरलेल्या हॉटेलात स्वतःच्या खर्चाने राहायचं, मग सात दिवस घरी. आमचं हॉटेल त्या यादीत बसलं. अहमदाबादला उतरलेली माणसं बसने यायची, हातावर शिक्का, डोळ्यांत झोप आणि भीती.

ते दिवस मी कसे चालवले, हे सांगताना मला आजही बरं वाटतं. का वाटू नये? घरचे सांगत होते, सोड नोकरी. मी सोडली नाही. प्रत्येक खोलीबाहेर एक स्टूल ठेवलं. जेवण स्टुलावर, दारावर दोन टकटक, आणि आठ पावलं मागे. ती आठ पावलं मी स्वतः मोजून फरशीवर खुणा केल्या होत्या. खोलीतून आलेला प्रत्येक कागद कपड्यांच्या इस्त्रीखालून काढल्याशिवाय मी हातात घेत नसे. हसतील तर हसोत. आमच्यातलं एकही माणूस आजारी पडलं नाही. शारजाहून आलेले एक हिऱ्याचे व्यापारी रोज सकाळी फोन करायचे, ‘बेन, आजे लोचो मळशे?’ — लोचो म्हणजे सुरतेचा सकाळचा वाफाळता नाश्ता — आणि मी रोज सांगायचे, ‘शेठ, सात दिवसांनी घरी जा आणि पोटभर खा.’ जाताना त्यांनी आठ पावलांवरून हात जोडले. म्हणाले, ‘तुमच्यासारखी जेलर मिळाली तर माणूस पुन्हा गुन्हा करेल.’

रिसेप्शनच्या मागे एक पांढरा फळा होता. त्यावर मी रोज सकाळी तीन ओळी लिहायचे: आलेले किती, मुदत पुरी करून गेलेले किती, आणि — ‘मुदतीआधी बाहेर’. त्या तिसऱ्या ओळीपुढे मी शून्य काढायचे. निळ्या मार्करने, चांगलं गोल. इतर ठिकाणी माणसं मागच्या दाराने सटकत होती, ओळखी लावून निघत होती. आमच्याकडे शून्य. तपासणीला येणारे साहेब एकदा त्या फळ्यासमोर थांबले आणि म्हणाले, ‘बेन, हे मी मीटिंगमध्ये सांगणार आहे. गुरुवारी मोठ्या साहेबांना घेऊन येतो.’

कुणी मला असं कधी म्हटलं होतं? शाळेत नाही, सासरी तर नाहीच.

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी बसमधून संगीता आली. मस्कतला एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायची. माहेर-सासर दोन्ही मूळचं खानदेशातलं, सगळे आता इथेच, सुरतच्या भेस्तानला. नवरा लूमवर. दोनशे चार नंबरची खोली दिली. नियमाचं एक कलम होतं, आणि ते मला पाठ होतं: घरात कुणी अत्यवस्थ असेल, मृत्यू झाला असेल, बाई गरोदर असेल, बरोबर लहान मूल असेल, तर अर्ज करून हॉटेलऐवजी सगळे चौदा दिवस घरी काढता येत होते. अर्ज, डॉक्टरांची चिठ्ठी आणि न्यायला स्वतःचं वाहन. संध्याकाळी सहाला मी दिवसाचा तक्ता साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, त्यालाच अर्जाचा फोटो जोडायचा. बस. वर काय ठरेल ते त्यांनी ठरवायचं.

सोमवारी सकाळी संगीताने दार किलकिलं करून मला हाक मारली. मी माझ्या आठ पावलांवर उभी. ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होती, आणि मग ते सुटलं. ‘ताई, मनी माय वाट देखी राह्यनी.’ आई वाट बघते आहे — एवढं मला कळत होतं. तिने व्हिडिओ कॉल चालू असलेला फोन स्टुलावर उभा केला आणि आत सरकली, तेव्हा मी पुढे होऊन पाहिलं. पलीकडे खाटेवर एक बाई होती, गाल आत गेलेले, आणि कुणीतरी तिच्या तोंडापुढे फोन धरला होता. ती फोनकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. मुलगी फोनातून येते हे तिला पटलं नव्हतं बहुतेक. मूत्रपिंडं गेली होती, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. चिठ्ठी आली, त्या डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. खोट्या चिठ्ठ्या मी तोवर तीन पकडल्या होत्या. ही खरी होती.

अर्ज मीच लिहिला. साहेबांना समजावा म्हणून हिंदीत, मुद्देसूद. अर्ज मला चांगला लिहिता येतो. खाली तिने सही केली आणि आईचं नाव स्वतःच्या हाताने घातलं, सावकाश, एकेक अक्षर. मी तो कागद इस्त्रीखालून काढला. इस्त्री जरा जास्त तापली होती, एक कोपरा पिवळा पडला.

आणि मग — इथे मला थांबावंसं वाटतं, पण थांबून काय उपयोग?

मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

फोटो काढायला दहा सेकंद लागतात. तक्ता मी सहाला पाठवला, वेळेवर, नेहमीसारखा. अर्ज जोडला नाही. मनाशी म्हटलं, गुरुवार होऊन जाऊ दे. तीनच दिवस आहेत. मोठे साहेब येतील, फळा बघतील, मग शुक्रवारी पाठवू. म्हाताऱ्या माणसांचं काही सांगता येत नाही, महिनाभरसुद्धा काढतात. असं मी म्हटलं, स्वतःशी, शांतपणे, हिशेब करावा तसं.

तुम्ही विचाराल, मला कुणाचा दबाव होता का? नव्हता. दुसऱ्या एका हॉटेलातून असाच कुणी लवकर गेला आणि नंतर पॉझिटिव्ह निघाला, म्हणून ते हॉटेल यादीतून काढलं होतं, हे खरं. आमच्या माणसांच्या नोकऱ्या त्या यादीवर होत्या, हेही खरं. पण ड्रॉवर बंद करताना माझ्या डोक्यात यातलं काही नव्हतं. शून्य होतं. परवानगीने का होईना, कुणी मुदतीआधी गेलं की ते पुसावं लागणार होतं, आणि ते मला पुसायचं नव्हतं.

मंगळवारी तिने विचारलं, ‘ताई, काही आलं का?’ मी म्हटलं, ‘पाठवलाय. वरून उत्तर नाही.’ बुधवारी विचारलं. मी तेच म्हटलं, वर हेही जोडलं की सरकारी काम आहे, घाई करून चालत नाही. तिने मान हलवली. वर्षानुवर्षं परक्या घरात राहिलेल्या माणसाला ऐकून घ्यायची सवय असते. तिने आवाज चढवला असता तर? मी पाठवला असता का? माहीत नाही. तिने चढवला नाही.

गुरुवारी अकराला मोठे साहेब आले. फळ्यापुढे उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. मी शेजारी, मास्कमध्ये. माझं हसू कुणाला दिसलं नाही, पण मी हसत होते. मास्कमध्येसुद्धा मी पदर सारखा केला होता.

दुपारी एकच्या सुमाराला दोनशे चारची बेल वाजली आणि वाजतच राहिली. मी वर गेले. संगीता दारात उभी होती, फोन हातात लोंबत. रडत नव्हती. म्हणाली, ‘गयी माय.’

मी खाली आले. ड्रॉवर उघडला, कोरा कागद घेतला, नवा अर्ज लिहिला — मृत्यू, अंत्यसंस्कार, विनंती. फोटो काढला, पाठवला, आणि लगेच साहेबांना फोन केला. वीस मिनिटांत परवानगी आली. वीस मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होते म्हणून मला नेमकं माहीत आहे. सोमवारी संध्याकाळी सहाला पाठवला असता तर आठ वाजेपर्यंत ती भेस्तानला पोचली असती. आमच्या हॉटेलपासून अर्ध्या तासाचा रस्ता, त्या दिवसांत रस्ते मोकळे, त्याहूनही कमी. आणि ती बाई दाराकडे बघत होती.

नवरा ओळखीच्याची गाडी घेऊन आला. मी संगीताला पीपीई सूट चढवला, चेन वरपर्यंत ओढली, हातमोजे घातले. लिफ्टपाशी ती थांबली आणि मला म्हणाली, ‘ताई, तुम्ही मागे लागलात म्हणून एवढ्या लवकर झालं. नाहीतर मला तोंडही दिसलं नसतं.’ मी म्हटलं, ‘चल, उशीर नको.’

तिला तोंड दिसलं. अंगणातून, लांबून.

संध्याकाळी मी फळ्यावरचं शून्य पुसलं आणि एक लिहिला. मार्कर तोच.

पुढे आमचा सत्कार झाला. प्रशस्तिपत्र फ्रेम करून रिसेप्शनच्या मागे लावलं आहे, पूर्वी फळा होता तिथे. ते मी काढलेलं नाही. काढणारही नाही, कारण त्या महिन्यांत मी काम चांगलंच केलं. त्याबद्दलचा माझा अभिमान कमी झालेला नाही. कमी व्हायला हवा होता का? मी कितीदा प्रयत्न करून पाहिला. होत नाही. तो आहे तिथेच आहे आणि हेही आहे तिथेच आहे, आणि दोन्ही माझंच आहे.

पहिला अर्ज अजून त्याच ड्रॉवरमध्ये आहे. कोपरा पिवळा. फाडून टाकणं सोपं होतं.

संगीता पुन्हा मस्कतला गेली नाही. भेस्तानलाच एका दवाखान्यात लागली. आणि त्यानंतर दर वर्षी आखाजीला ती हॉटेलात येते. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात तो सण. सकाळी गेलेल्यांच्या नावाने घागर भरायची आणि मग जेवण. पहिल्या वर्षी ती डबा घेऊन आली तेव्हा मला कळेना कशाला आली. म्हणाली, ‘घागर मायच्या नावाने भरली. पण माहेरी कुठे जाऊ? म्हटलं, ताईकडे जाऊ.’ डब्यात खापरावरच्या पुरणपोळ्या होत्या, रुमालासारख्या घड्या घातलेल्या, आणि बरणीत आमरस. मी तिला बसवलं, पंखा लावला, ब्लाउजपीस आणि नारळ दिला. माहेरी जे करतात ते सगळं केलं. दर वर्षी करते. त्यात कधी कमी केलं नाही.

यंदाही आली. प्रशस्तिपत्राखालच्या खुर्चीवर बसली, डबा उघडून माझ्यापुढे सरकवला आणि मी घास घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ‘कशी झाली?’

मी म्हटलं, ‘पुरणात गूळ कमी पडलाय.’

ती हसली. ‘घरात सगळे छान छान करतात,’ ती म्हणाली. ‘तुम्ही खरं ते तोंडावर सांगता, ताई. म्हणून तुम्हालाच विचारते.’

मी दुसरी पोळी घेतली.