होणाऱ्या सासूबाईंची पोटदुखी

मुलगी पाहायला लोक घरी येतात, चिवडा खातात, चहा पितात आणि "कळवतो" म्हणून निघून जातात. माझ्या बाबतीत हे दोनदा झालं होतं. दोन्हीकडून निरोप एकच: पोरगी चांगली आहे, पण दवाखान्यातली आहे. म्हणजे नर्स. रात्रपाळी करणारी, परक्या पुरुषांना हात लावणारी. एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात मी बायकांच्या वॉर्डात होते. तिथे पुरुष म्हणाल तर फक्त डॉक्टर, आणि ते आम्हालाच टरकून असत. पण हे ऐकतो कोण?

तिसरं स्थळ मावशीनं आणलं. मुलगा कोराडीला वीज केंद्रात नोकरीला. मला दुरून दाखवला होता आणि खरं सांगायचं तर आवडलाही होता. एके दिवशी मावशी जरीपटक्याहून धापा टाकत आली.

"पोराची माय उद्या तुया वॉर्डात भरती होऊन राहिली. पोट दुखते म्हणून सांगणार हाये. तू कशी वागते ते पाहाचं हाये तिले. ओळख नको देऊ बरं!"

माझं डोकंच फिरलं. बाजारात मडकं वाजवून घेतात तसं ही बाई मला वॉर्डात येऊन वाजवून घेणार! पण मुलगा आवडला होता ना. गप्प बसले.

सकाळी बाई आल्या. कण्हणं चांगलं जमलं होतं. शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, "कुठे दुखतं?" त्यांनी बेंबीवर हात ठेवला. दुपारी मोठे डॉक्टर राऊंडला आले, तोवर सकाळचं उत्तर त्या विसरून गेल्या होत्या. आता हात उजवीकडे, खाली गेला.

सकाळचा केसपेपर वाचून मोठ्या डॉक्टरांचे डोळे चमकले. "आधी बेंबीजवळ, मग उजवीकडे खाली. अपेंडिक्स! अगदी पुस्तकात दिलंय तसं!" मागे उभी असलेली विद्यार्थ्यांची फौज पुढे सरकली आणि एकेकानं पोट दाबून पाहिलं. शेवटच्या काहींच्या वेळी बाई खरंच ओरडल्या. इतक्यांनी दाबल्यावर दगडालाही दुखलं असतं. पलंगाला पाटी लागली: तोंडाने काही देऊ नये. ऑपरेशन संध्याकाळीच ठरलं.

सगळे गेल्यावर बाईंनी मला हळूच बोलावलं. "सिस्टर, घोटभर चहा दे ना वं."

"पाटी आहे तोवर पाणीसुद्धा नाही," मी म्हटलं. मनातून जरा बरंच वाटलं.

शेजारच्या पलंगावर एक म्हातारी होती. तिला भेटायला कोणी येत नसे. त्या दुपारी तिचं सगळं अंथरुणातच झालं, आणि आया नेमकी सुट्टीवर. मी गरम पाणी आणलं, तिला धुतलं-पुसलं, पावडर लावली, चादर बदलली. ती लाजून रडायला लागली.

"आजी, रडता काहून? मी म्हातारी झाल्यावर माझंही कोणी करेलच ना," मी म्हटलं. हे आमचं रोजचंच काम. पलीकडून कोणी पाहत असेल हे डोक्यातसुद्धा नव्हतं.

ऑपरेशनआधी पोटावरचे केस काढून जागा साफ करावी लागते. पडदा ओढून मी साबणाचं पाणी आणि वस्तरा घेऊन गेले. वस्तरा पाहिला आणि बाईंनी माझं मनगटच धरलं.

"पोरी, मायं पोट नाही दुखत वं! मी तुले पाहाले आली होती!"

"मला माहीत आहे."

"माहीत हाये? मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही पाहायला आला होतात. म्हटलं, पूर्ण पाहून घ्या."

ऑपरेशनच्या टेबलावर मी त्यांना जाऊ दिलं नसतं, एवढं सांगते. पण वस्तऱ्यापर्यंत नेलं ते मुद्दाम, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

मोठ्या डॉक्टरांना जाऊन खरं ते सांगितलं. ते आधी लाल झाले, मग हसले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "विद्यार्थ्यांना सांगू नका हं, सिस्टर."

बाई पिशवी घेऊन व्हरांड्यात आल्या. आता नकारच येणार, हे मी धरून चालले होते. वस्तरा दाखवणारी सून कोणाला हवी असते? त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"नर्सबद्दल लोकं काय काय बोलतात. मीबी बोलली हाये. पण त्या बुढीचं तू जे केलं, ते पोटच्या पोरीनं नसतं केलं. आता कोणी बोललं त मी पाहून घेईन त्याले."

दोन्ही नकारांच्या वेळी मी रडले नव्हते. तिथे मात्र रुमाल काढावा लागला.

"अन् लग्न झाल्यावर नोकरी सोडू नको," त्या म्हणाल्या. पायऱ्या उतरता उतरता थांबल्या आणि मागे वळून त्या एवढ्या मोठ्या इमारतीकडे पाहिलं. "पण मले काही झालं, त घरीच पाहजो वं. इथं नको आणू."