बाफ की बाफले?

“बेनजी, दाल किधर है?”

हा प्रश्न तिसऱ्यांदा आला तेव्हा मी स्टोव्हला पंप मारत होते. म्हटलं, “दाल की जरूरत नहीं.”

“और घी?”

“घी तो बिलकुल नहीं! यही तो फायदा है.”

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, छाप पडली. एकोणीस वर्षांची होते मी, आणि मला त्या काळात बरंच काही वाटत असे.

जागा इंदूरच्या परदेशीपुऱ्यातलं महिला केंद्र. म्हणजे एक खोली आणि पुढे अंगण. राज्य तेव्हाचं मध्य भारत. माझी नोकरी डेमॉन्स्ट्रेटरची, म्हणजे पदार्थ लोकांसमोर करायचा आणि करता करता बोलायचं. प्रोबेशनवर होते. त्या दिवशी ग्वाल्हेरहून इन्स्पेक्ट्रेसबाई माझं काम बघायला आल्या होत्या. शेरा चांगला आला तर नोकरी पक्की. नाही तर वडिलांनी देवासचं एक स्थळ तयारच ठेवलं होतं. मुलाचं दुकान होतं, आणि बायकांनी नोकरी करण्याबद्दल त्याची मतंही होती.

माझा विषय होता ‘स्वस्तात वाफवलेलं अन्न’. तेल वाचतं, जळण वाचतं, मिलमजुरांच्या घरी उपयोगी. आणि मी दाखवायला काय नेलं? आजोळचं तांब्याचं मोदकपात्र! अख्ख्या परदेशीपुऱ्यात तसलं दुसरं नसेल. ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. तिथे गर्दीच फार होती.

आठवडाभर मी घरोघर निमंत्रण देत फिरले होते. ‘भाप’ म्हटलं तर पुस्तकी वाटेल. इथल्या बाया वाफेला बाफ म्हणतात. म्हणून मोठ्या ऐटीत सांगितलं, “शनिवार को आना, बाफ का खाना बनेगा.”

बारा बाया येतील असा अंदाज होता. आली साठ माणसं. पोरंबाळं, धुतलेले कपडे, प्रत्येकाच्या हातात थाळी आणि लोटा. एक आजोबा तर ठेवणीतली पगडी घालून आले. मला विचारतात, “पंगत किधर बैठेगी?” मी त्यांना सावलीत बसवलं.

इन्स्पेक्ट्रेसबाई कानाशी आल्या. “उपस्थिती उत्तम आहे हो. पण सगळ्यांनी ताटं का आणलीत?”

“चव बघायला असतील, बाई.”

“एवढी?”

मी परत पंप मारायला लागले.

बेसनाचे ढोकळे झाले. मोजून अकरा. आजोबांनी एक उचलला, उलटा केला, सुलटा केला.

“ये बाफला है?”

“हाँ दादाजी, बाफ का है.”

“दाल नहीं, घी नहीं.” आजोबांनी ढोकळा हळूच परत ठेवला. “सरकार की हालत इतनी खराब है क्या?”

केंद्राशेजारी राहणाऱ्या गंगाबई पदरात तोंड घालून हसायला लागल्या. “अरे बेनजी, तमने बाफ बोल्यो, बस्ती ने बाफला सुण्यो!”

बाफला म्हणजे माळव्याचं सणासुदीचं जेवण. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकळायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, तुपात बुडवून दाळीबरोबर खायचे. बाफल्याचं बोलावणं म्हणजे मेजवानी. मी इंदुरात जन्मलेली, शेकडो बाफले पोटात गेलेली, पण दोन शब्द शेजारी ठेवून बघायची बुद्धी झाली नव्हती. साठ माणसं उपाशी, आणि बाई वही उघडून बसलेल्या.

“आता काय करणार तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, बाई,” म्हणून मी दाराआड गेले आणि रडले.

तोवर गंगाबईंनी हुकूम सोडला, “आटा सबके घर में है. ले आओ. आज पाणी में नी उबालां, बाफ पे पकावां.”

डोळे पुसून बाहेर बघते तर अंगणात पाच चुली. एकीने भगोन्यात पाणी ठेवून तोंडाला नवऱ्याच्या जुन्या धोतराचं फडकं ताणून बांधलं, वर गोळे, वर थाळी. दुसरीने पातेल्यावर पिठाची चाळणीच बसवली. तिसरीने तळाशी गव्हाचं काड पसरलं, ते जेमतेम बुडेल एवढं पाणी, वर गोळे. गंगाबईंनी पाण्यात एक खडा टाकला. “खटखट चले तब तक पाणी है.” आवाज थांबला की पाणी घालायचं. माझ्या मोदकपात्रात खडा नव्हता. त्यातलं पाणी केव्हाच संपून कल्हई उडाली होती.

वाफवलेले गोळे निखाऱ्यावर गेले. पाच घरांतून पाच रंगांची दाळ आली. तूप चमचाभरच, पण आलं. इन्स्पेक्ट्रेसबाईंनी तीन बाफले खाल्ले आणि चौथ्याला लाजल्या.

शेरा पंधरा दिवसांनी आला. “डेमॉन्स्ट्रेटरने स्वतः मागे राहून स्त्रियांच्या हातून काम करवून घेतले. पद्धत अनुकरणीय.” नोकरी पक्की. देवासला नकार कळवला. मागे राहून मी काय करत होते ते शेऱ्यात नव्हतं, आणि मीही कुणाला कळवलं नाही.

पुढे पस्तीस वर्षं तेच काम केलं. नव्या मुली हाताखाली आल्या की मी त्यांना एकच सांगायचे: लोकांचा शब्द तोंडात घ्यायचा असेल, तर तो ते खातात की काय, हे आधी विचारून या.